घरमालकाने एकदम चार हजार वाढवले: कायद्यातले चार टक्के कोणाला लागू होतात?

विचारणाऱ्या कुटुंबाची हकीकत थोडक्यात अशी आहे. नागपूरच्या मनीषनगरातील एका फ्लॅट स्कीममध्ये ते तीन वर्षांपासून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतात. सुरुवातीला १०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार झाला, ४०,००० रुपये अनामत दिली गेली आणि दरमहा १४,००० रुपये भाडे ठरले. अकरा महिने संपल्यानंतर नवा करार कोणी केला नाही. भाडे तेवढेच राहिले आणि घरमालक ते निमूटपणे घेत राहिले. आता व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप आला आहे: ‘पुढच्या महिन्यापासून १८,००० किराया द्या, जमत नसेल तर पंधरा दिवसांत घर खाली करा, नाहीतर लाइट कापतो.’ शेजारी सांगतात की कायद्याने वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करताच येत नाही. हे खरे आहे का आणि आता काय करावे, असा प्रश्न आहे.

शेजाऱ्यांनी सांगितलेले चार टक्के कायद्यात आहेत, परंतु ते प्रत्येक घराला लागू होत नाहीत, आणि आज नागपुरात नव्याने दिल्या जाणाऱ्या बहुतेक फ्लॅटना तर होतच नाहीत. तुमच्या बाबतीत मात्र घरमालकांनी कागदपत्रांत ठेवलेल्या ढिलाईमुळे बाजू तुमच्याकडे बरीच झुकली आहे. पंधरा दिवसांत घर खाली करून घेणे आणि वीज तोडणे, या दोन धमक्यांना कायद्याचा आधार नाही. याची कारणे समजून घेतली तर घरमालकांशी बोलताना कोणत्या मुद्द्यावर ठाम राहायचे आणि कुठे थोडे सोडायचे, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

विदर्भात २००० सालापूर्वी मुंबईपेक्षा वेगळी व्यवस्था होती. येथे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालत असे. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागत असे, ती मिळाल्यावर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा, असा तो दुहेरी प्रवास होता. नागपूरच्या महाल आणि इतवारी भागांत जुन्या वाड्यांचे जे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांच्या लांबणीचे एक कारण हेच होते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला, मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही विभागांतले वेगवेगळे जुने कायदे रद्द झाले आणि संपूर्ण राज्याला एकच कायदा आला. या कायद्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ च्या डिसेंबरातील एक निकालही आहे. दशकानुदशके एकाच आकड्यावर गोठवून ठेवलेले भाडे अन्यायकारक ठरत चालले आहे, असे त्यात न्यायालयाने म्हटले होते. चार टक्क्यांच्या वाढीची तरतूद म्हणजे केवळ भाडेकरूला दिलेले कवच आहे असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक जुन्या भाड्यांत अडकलेल्या घरमालकालाही तिने थोडा श्वास घेऊ दिला.

या कायद्याच्या कलम ११ नुसार घरमालकाला भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. वाढ करण्याचा हक्क असला तरी ती आपोआप चढत नाही, म्हणून समजदार घरमालक ती लेखी मागतो आणि समजदार भाडेकरू ती लेखीच मागायला लावतो. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत पाया १ ऑक्टोबर १९८७ रोजीच्या भाड्याचा धरला जातो. त्यावर एकदाच पाच टक्के आणि कायदा लागू झाल्यानंतर दरसाल चार टक्के, असा हिशेब होतो. त्या दिवशी ३०० रुपये भाडे असलेल्या वाड्यातल्या दोन खोल्यांना वर्षाची वाढ महिन्यामागे बारा-तेरा रुपयांची पडते, यावरून घरमालक डागडुजीला हात का लावत नाहीत, हे सहज लक्षात यावे. घरमालकाने खरोखर काही सुधारणा केली, नव्या सोयी दिल्या, तर त्या खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांपर्यंत वेगळी वाढ मागता येते. पण त्यासाठी आधी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. महानगरपालिकेचा मालमत्ता कर वाढला तर वाढलेल्या कराएवढीच रक्कम भाड्यात मिळवता येते. ‘टॅक्स वाढला’ असे सांगून हजार रुपये वाढवणाऱ्या घरमालकाकडे कराच्या दोन वर्षांच्या पावत्या अवश्य मागाव्यात.

हे सारे भाडेकरूसाठी आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसतो. त्याला ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी मिळालेली असते आणि तो जे पैसे देतो ती परवाना फी असते. त्या फीवर चार टक्क्यांची मर्यादा नाही. करारात जो आकडा लिहिला तो कराराच्या मुदतीपर्यंत दोघांवर बंधनकारक, आणि मुदत संपल्यावर नवा आकडा दोघांनी ठरवायचा. घरमालक १८,००० म्हणू शकतात, तुम्ही नाही म्हणू शकता, आणि जमले नाही तर घर सोडावे लागते. मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल, तर कलम २४ खाली घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तेथील कार्यपद्धती दिवाणी दाव्यापेक्षा आखूड आहे, आणि जितके दिवस जास्त राहिलात तितक्या दिवसांसाठी परवाना फीच्या दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागू शकते. दरमहा १४,००० देणाऱ्याने हा आकडा २८,००० धरूनच विचार करावा. नोंदणीकृत करार संपल्यावरही ‘बघू, काय करतो ते’ म्हणून बसून राहिलेली कुटुंबे शेवटी अनामत गमावून वर पैसे भरताना मी पाहिली आहेत. म्हणून ज्यांच्याकडे नोंदणी केलेला करार आहे त्यांनी शेजाऱ्यांच्या चार टक्क्यांवर विसंबून राहू नये.

तुमचा करार मात्र नोंदणीकृत नाही, आणि येथेच तुमच्या प्रश्नाची खरी गाठ आहे. कलम ५५ म्हणते की घर भाड्याने दिले असो वा लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले गेले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे घरमालकावर येते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मुद्रांक शंभराचा असो की पाचशेचा, दुय्यम निबंधकाकडे किंवा ऑनलाइन ई-नोंदणीने दस्त नोंदला गेला नसेल तर त्याला हे संरक्षण मिळत नाही. आपल्या शहरात नोटरीवरच भागवण्याची सवय इतकी पक्की आहे की दलालसुद्धा ‘करार झाला’ असे बिनदिक्कत सांगतात.

अकरा महिन्यांच्या मुदतीचेही असेच आहे. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची असल्यामुळे, ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते, म्हणजे ज्या कारणासाठी ही पद्धत सुरू झाली ते कारणच येथे उरलेले नाही. राहणाऱ्याचे त्यात उलट नुकसान होते. ‘दर अकरा महिन्यांनी १० टक्के वाढ’ अशी ओळ करारात असेल, तर साडेपाच वर्षांत वाढीची सहा आवर्तने होतात. तीच वाढ वर्षावर असती तर पाचच झाली असती.

तेव्हा तुमची स्थिती अशी आहे. मूळ अकरा महिने केव्हाच संपले, कागद नोंदलेला नाही, आणि त्यानंतर दोन वर्षे घरमालकांनी दरमहा पैसे स्वीकारले. ‘मी मासिक भाडेकरू आहे’ असे म्हणण्यास तुम्हाला चांगला आधार आहे. घरमालक जुना कागद पुढे करून तुम्ही परवानाधारकच आहात असे म्हणतील, कारण लेखी परवाना करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानावा असे कलम २४ चे स्पष्टीकरण आहे. नोंदणी नसलेल्या कागदाला ते किती लागू पडते यावर न्यायालयात वाद होईल. तुम्ही भाडेकरू ठरलात तर चार टक्क्यांचा नियम तुम्हाला लागू होईल. १४,००० वर चार टक्के म्हणजे महिन्याला ५६० रुपये. घरमालकांनी तिन्ही वर्षांची वाढ एकत्र मागितली तरी हिशेब फार तर १५,७०० रुपयांच्या आसपास जातो. १८,००० म्हणजे साडेअठ्ठावीस टक्क्यांची उडी आहे, आणि ती त्या चौकटीत बसत नाही.

आता माझे मत सांगतो. या आधारावर वर्षानुवर्षे त्या फ्लॅटमध्ये ठाण मांडून बसण्याचा सल्ला मी देणार नाही. मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर या भागांत फ्लॅट देणारे पुष्कळ घरमालक निवृत्त कर्मचारी किंवा हप्ते भरणारी नोकरदार मंडळी असतात. त्यांच्याशी दावा लढताना तुमचीही उमेदीची वर्षे आणि पैसा जातो, आणि पुढचा घरमालक आधीच्या घरमालकाकडे चौकशी करतोच. कलम ५५ ची ताकद वाटाघाटीत वापरावी. नोंदणी न केल्याचा दोष कोणाचा, हे घरमालकांना शांतपणे समजले की चार हजारांची मागणी बहुधा दीड-दोन हजारांवर येते. मी असतो तर १५,५०० च्या जवळपास, पण तीन वर्षांच्या नोंदणीकृत करारासह तडजोड केली असती. जुन्या वाड्यातल्या, पिढीजात भाडेकरूला मात्र मी हा सल्ला देणार नाही. त्याचे हक्क वेगळ्या वजनाचे आहेत, आणि पुनर्विकासाच्या कागदावर घाईने सही करण्यापूर्वी त्याने वकिलाला भेटलेच पाहिजे.

पंधरा दिवसांची मुदत कुठून आली? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये मासिक भाडेपट्टा संपवण्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस सांगितली आहे, तेथूनच ती लोकांच्या तोंडी बसली. परंतु भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या घरात एवढ्या नोटिशीने ताबा मिळत नाही. त्यासाठी कलम १६ मधले एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते: घरमालकाला स्वतःसाठी घराची खरोखर गरज असणे, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, सहा महिने सलग घर विनाकारण बंद ठेवणे, इत्यादी. ‘मागितलेली वाढ दिली नाही’ हे कारण त्या यादीत नाही. तुम्ही परवानाधारक ठरलात तरी घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. स्वतः येऊन कुलूप लावण्याचा अधिकार त्याला कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. तसे झालेच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा करता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न गौण असतो.

थकबाकीबाबत मात्र सावध राहा, कारण चांगली बाजू असलेले लोक येथेच घसरतात. रागाच्या भरात ‘आता एक रुपयाही देणार नाही’ असे ठरवू नका. कलम १५ चे संरक्षण कायदेशीर भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देणाऱ्याला, किंवा देण्यास तयार असणाऱ्याला आहे. भाडे थकले तरी लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय घरमालकाला दावा करता येत नाही, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढेही नियमित भरत राहिले तर ताब्याचा हुकूम टळतो. ही शेवटची पायरी आहे. तिथपर्यंत जाण्याची वेळच येऊ देऊ नये. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला १४,००० रुपये बँकेतून घरमालकांच्या खात्यावर पाठवा आणि चार टक्के वाढ देण्याची तयारी लेखी कळवा. त्यांनी रक्कम परत पाठवली तर त्या नोंदीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तुमच्या तयारीचा तो उत्तम पुरावा आहे.

यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी काय लिहिता, यालाही महत्त्व आहे. ‘जून महिन्याचे भाडे, फ्लॅट क्रमांक ३०२’ असे स्पष्ट लिहावे. काही घरमालक प्राप्तिकराच्या भीतीने ‘भाडे असे लिहू नका’ सांगतात आणि मग तीन वर्षांच्या नोंदी ‘थँक यू’ आणि हात जोडलेल्या चित्रांनी भरलेल्या असतात. न्यायाधीशांना त्यातून भाडे शोधायला लावणे तुमच्या हिताचे नाही. भाड्याची पावती देणे कलम २६ ने घरमालकाला सक्तीचे आहे, आणि न दिल्यास दररोजच्या हिशेबाने दंड होऊ शकतो. मिहानमधल्या किंवा अन्य कंपनीतल्या नोकरदाराला घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी पावत्या लागतातच, आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांकही लागतो. तेव्हा पावती मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही.

वीज कापण्याच्या धमकीला घाबरू नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई यांसारख्या आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास कलम २९ ने घरमालकाला मनाई केली आहे. तसे करणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि सेवा पूर्ववत करण्याचा हुकूम न्यायालयाकडून मिळतो. शिवाय विद्युत कायदा, २००३ नुसार जागेचा मालक जसा वीजजोडणी मागू शकतो तसा तेथे राहणाराही मागू शकतो, आणि घरमालकाने ना-हरकत पत्र दिले नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नागपुरात त्रास बहुधा सब-मीटरवरून होतो. महावितरणचे मुख्य मीटर घरमालकाच्या नावाने आणि खालच्या मजल्यावर असते, आणि भांडण झाले की एक बटण बंद केले जाते. तुमच्या मीटरचा आजचा फोटो तारखेसह काढून ठेवा आणि विजेचे बिल तुम्हीच भरत असाल तर ते वेळेवर भरा, कारण बिल थकल्यामुळे तुटलेल्या विजेला हे कलम उपयोगी पडणार नाही. वीज खरोखरच तोडली तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन प्रतीवर पोच घ्यावी. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले तरी ती पोच पुढे न्यायालयात कामाला येते.

अनामतीबद्दल एक गैरसमज सध्या मोबाइलवर फार फिरतो आहे: ‘नव्या कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि तीन महिने आधी नोटीस दिल्याशिवाय भाडे वाढवता येत नाही.’ या तरतुदी आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यातल्या आहेत. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्यता दिली. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि १९९९ च्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सच्या अनामतीला कमाल मर्यादा घातलेली नाही. घरमालकांना पाठवायच्या उत्तरात हा मुद्दा घालू नका. एक चुकीचे वाक्य सापडले की समोरचा वकील बाकीच्या बरोबर वाक्यांवरही शंका घेतो.

तडजोड जमली तर नव्या कराराचा खर्च किरकोळ आहे. समजा १५,५०० पासून सुरुवात, दरवर्षी पाच टक्के वाढ आणि तीन वर्षांची मुदत ठरली. लिव्ह अँड लायसन्सवरील मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीची फी आणि परतावा असलेल्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के काल्पनिक व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का आहे. तुमच्या आकड्यांना ते सुमारे दीड हजार रुपये येते, आणि महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेणे रास्त होईल. करारात वाढीची टक्केवारी आणि ती कोणत्या तारखेपासून, हे दोन्ही लिहून घ्या. ‘परस्पर संमतीने वाढ’ असे मोघम वाक्य ठेवू नका, भांडण पुन्हा तेथूनच सुरू होते. घर सोडताना रंगकामासाठी किती रक्कम कापली जाईल, सोसायटीचा देखभाल खर्च कोण भरणार, आणि मुदतीआधी घर सोडायचे तर किती दिवसांची सूचना द्यायची, हेही लिहा. जुनी ४०,००० ची अनामत नव्या करारात वर्ग झाली असा स्पष्ट उल्लेख हवा, नाहीतर जुन्या कागदाबरोबर तीही विस्मरणात जाते.

या आठवड्यात करायचे काम एकच आहे. घरमालकांच्या निरोपाला व्हॉट्सॲपवर आणि त्याच मजकुराची प्रत स्पीड पोस्टाने, अशा दोन्ही मार्गांनी सभ्य उत्तर द्या. त्यात तुम्ही कधीपासून राहता, भाडे कोणत्या महिन्यापर्यंत भरलेले आहे, कायद्यानुसार चार टक्के वाढ देण्यास आणि नोंदणीकृत करार करण्यास तुम्ही तयार आहात, आणि वीज वा पाणी तोडल्यास कलम २९ खाली दाद मागावी लागेल, एवढेच लिहा. स्वतःला ‘लायसन्सधारक’ म्हणू नका आणि घर सोडण्याची कोणतीही तारीख कबूल करू नका. उत्तर आले नाही किंवा धमकी वाढली, तर नागपुरात भाडे नियंत्रण कायद्याखालील अर्ज आणि दावे लघुवाद न्यायालयात चालतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे भाड्याचे व्यवहार घरातील स्त्रीच्या नावाने झाले असतील तर अर्जही तिच्याच नावाने करावा.